मागाहून आलेली पूर्वकथा

गोष्ट सांगणाराला पहिली अडचण पडते ती आरंभाची. एक राजा होता असें म्हटलें कीं ऐकणारें मूल विचारतें, "त्याच्या आधीं कोण होतें?" त्या आधींच्या राजाचें नांव सांगितलें तर त्याच्याही आधींचा हवा असतो. शेवट एकदां सांगून टाकला म्हणजे संपतो. आरंभ मात्र जितका मागें न्यावा तितका जातो. मुलांच्या ह्या जुन्याच प्रश्नावर आजकाल जगांतील नामांकित ग्रंथकार नवे ग्रंथ उभारूं लागले आहेत. एखादी अद्भुत कथामाला लोकप्रिय होते, तिचा अखेरचा भाग छापून निघतो, वाचक हळहळतात, आणि मग ग्रंथकार पुढें जाण्याऐवजीं मागें वळून पहिल्या भागाच्याही आधीं काय घडलें तें सांगूं लागतो. इंग्रजींत ह्या प्रकाराला 'प्रीक्वेल' म्हणतात. आम्ही तिला 'पूर्वकथा' म्हणूं. कालक्रमानें ती आधींची, पण जन्मानें मागाहूनची. धाकट्या भावानें थोरल्याच्या बारशाची हकीकत सांगावी, तशांतला हा प्रकार आहे.

आमचा ह्या विषयाशीं संबंध आला तो हिंगोलीस. औंढा नागनाथाच्या दर्शनास जाण्याचें बरेच दिवस मनांत होतें, तें गेल्या चातुर्मासांत जमून आलें, आणि त्या निमित्तानें हिंगोलीस एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं आम्ही चार दिवस राहिलों. घर चौघांचें. यजमान वकिली करतात. त्यांच्या पत्नी शाळेंत शिकवितात. मुलगा पंधरा वर्षांचा, इंग्रजी माध्यमांतून दहावीस बसणारा. आणि यजमानांच्या मातोश्री, वय ऐंशीच्या पुढें. ह्या आजींनीं जन्मभर चातुर्मासांत 'रामविजय' वाचला. दोन वर्षांपूर्वीं काचबिंदूनें दृष्टि इतकी मंद झाली कीं वाचणें बंद पडलें. पोथी लाल फडक्यांत बांधून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यांत ठेविलेली होती. आजी रोज तिला हात लावून नमस्कार करीत, पण फडकें सोडीत नसत.

पहिल्याच रात्रीं जेवणें झाल्यावर मुलगा एक जाडजूड पुस्तक घेऊन आजींच्या खाटेपाशीं बसला आणि मोठ्यानें वाचूं लागला. पुस्तक मराठी होतें, पण वाचणाराची जीभ मराठीला सरावलेली नव्हती. अवघड जोडाक्षर आलें कीं तो थबके, आणि आजी अर्ध्या शब्दावरून तो शब्द पुरा करून देत. मध्येंच थांबून त्यानें विचारलें, "आजी, राम आधीं कीं शंकर आधीं?"

आजी म्हणाल्या, "अरे, राम शंकराची पूजा करतो आणि शंकर रामाचें नांव घेतो. त्यांच्यांत आधीं-नंतर कसलें लावतोस?"

"पुस्तकांत लावलें आहे," मुलगा म्हणाला. "राम आधीं होऊन गेला. हा शंकर पुष्कळ नंतरचा. रामाच्या वेळीं ज्याची पूजा होत असे, तो ह्याच्याही आधींचा महादेव. त्याचें नांव रुद्र."

"म्हणजे महादेव दोन?" आजींनीं विचारलें, आणि हसून, "वाच पुढें," म्हणाल्या. यजमान मात्र हसले नाहींत. ते उठून ओटीवर गेले. त्या घरांत ह्या पुस्तकावरून कांहीं मतभेद आहे, हें आमच्या तेव्हांच ध्यानांत आलें.

पुस्तक होतें अमीश त्रिपाठी ह्यांच्या 'सायन ऑफ इक्ष्वाकु' ह्या इंग्रजी कादंबरीचें मराठी भाषांतर. ज्या घरांत तरुण मुलें आहेत, तेथें ह्या ग्रंथकाराची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. इतरांसाठीं थोडें सांगतों. अमीश ह्यांचा जन्म १९७४ सालीं मुंबईस झाला. कलकत्त्याच्या व्यवस्थापन-संस्थेंत शिक्षण घेऊन ते पेढ्या व विमा ह्या क्षेत्रांत नोकरी करीत होते. त्यांचें पहिलें पुस्तक 'इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा' अनेक प्रकाशकांनीं नाकारलें, आणि २०१० सालीं तें स्वतःच्या हिमतीवर बाहेर पडलें. त्याचे पुढील दोन भाग २०११ व २०१३ सालीं निघाले. ह्या शिवत्रयींत शंकर हा देव नसून तिबेटांतील एका टोळीचा नायक आहे. तो सरस्वतीकांठच्या मेलुहा नांवाच्या राज्यांत येतो, सोमरसानें त्याचा कंठ निळा होतो, आणि लोक त्याला नीळकंठ मानूं लागतात. विष्णु व महादेव ह्या येथें पदव्या आहेत. जो दुष्टाचा नाश करील तो महादेव, आणि जो नवी समाजरचना उभारील तो विष्णु. मेलुहाचें सारें राज्य चालतें तें शेंकडों वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या सातव्या विष्णूच्या, म्हणजे रामाच्या नियमांनीं.

त्रयी संपली आणि ग्रंथकार मागें वळले. ज्या रामाचे नियम मेलुहांत चालत होते, तो राम कोण होता? २०१५ सालीं 'सायन ऑफ इक्ष्वाकु' निघालें; २०१७ सालीं सीतेवरील भाग, २०१९ सालीं रावणावरील भाग, आणि २०२२ सालीं 'वॉर ऑफ लंका'. पहिले तिन्ही भाग तीन निराळ्या व्यक्तींच्या जन्मापासून निघतात आणि सीताहरणापाशीं येऊन थांबतात. चौथ्यांत ते तिन्ही प्रवाह मिळतात. रामायण तर सर्वांस ठाऊक. परंतु शिवत्रयीच्या वाचकाच्या दृष्टीनें पाहिलें तर ही सारी रामकथा एका अर्वाचीन कथामालेची पूर्वकथा होते! येथेंच गंमत आहे, आणि येथेंच वादही आहे.

हिंगोलीस असतांना, व नंतर वसमत आणि कळमनुरी येथील परिचितांच्या घरीं, आम्हीं हा विषय मुद्दाम काढला. मतें ऐकलीं तीं नाना प्रकारचीं. त्यांतील विचार करण्याजोगीं तेवढीं येथें देतों.

तरुण वाचकांस पूर्वकथेंत जो आनंद होतो, तो आधीं समजावून घेतला पाहिजे. शिवत्रयींत मेलुहाची एक विलक्षण चाल सांगितली आहे. तेथें मूल जन्मतांच सरकारच्या स्वाधीन करावयाचें. सर्व मुलें एकत्र वाढावयाचीं. आणि मोठेपणीं परीक्षेनें ज्याचा जो वर्ण ठरेल तो त्याचा. जन्मावरून कांहींच ठरावयाचें नाहीं. पहिल्या मालेंत ही चाल पुरी रुळलेली आहे; तिची शिस्तही दिसते आणि तिच्यांतील दुःखही दिसतें. पूर्वकथेंत ही चाल अद्याप अस्तित्वांत नाहीं, केवळ एक कल्पना म्हणून ती बोलण्यांत निघते. कळमनुरीच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीनें आम्हांस सांगितलें, "तें संभाषण वाचतांना माझ्या अंगावर कांटा आला. बोलणाऱ्यांस ठाऊक नाहीं ह्याचें पुढें काय होणार. मला ठाऊक आहे." तिचें म्हणणें खरें आहे. मेलुहाची राजधानी देवगिरी हिचा शेवट कसा झाला, हें त्रयीच्या तिसऱ्या भागांत ती वाचून बसली होती. (ही देवगिरी सरस्वतीकांठची काल्पनिक नगरी आहे; आपल्या यादवांची देवगिरी नव्हे, हें लहान वाचकांस सांगून ठेवावें.) ज्या राज्याचा पाया राम घालणार, तें राज्य अखेर जळणार आहे, हें वाचकास आधींच ठाऊक असतां पायाचा एकेक दगड बसतांना पाहणें ह्यांत एक प्रकारचें कारुण्य आहे. तें कारुण्य पूर्वकथेखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्रकारांत इतकें सहज साधत नाहीं.

ह्याच विद्यार्थिनीची तक्रारही होती. सीतेवरील भाग तिला फार आवडला. त्यांतील सीता मिथिलेचा कारभार प्रधान म्हणून पाहते, युद्धकला जाणते, आणि विष्णुपदासाठीं विश्वामित्र तिचीच निवड करतात. हें वाचून तिला हायसें वाटलें. परंतु तेच प्रसंग, तीच संभाषणें पुन्हां दुसऱ्या व तिसऱ्या भागांत वाचावीं लागलीं, आणि २०१५ सालीं हरण झालेली सीता सोडविण्यास २०२२ साल उजाडलें, ह्याबद्दल ती रागावलेली होती. "वाल्मीकींनीं एवढें थांबविलें नाहीं," ती म्हणाली. आम्ही तिच्याशीं सहमत आहों. एकच हकीकत तीन मुखांनीं ऐकण्यांत गोडी तेव्हांच येते, जेव्हां दुसरें तोंड पहिल्याला ठाऊक नसलेलें कांहीं सांगतें. तसें कांहीं ठिकाणीं घडलें आहे, सर्वत्र घडलेलें नाहीं.

वसमतच्या एका निवृत्त मराठी शिक्षकांची तक्रार भाषेची. त्यांचें म्हणणें असें कीं, अलंकार नाहींत तर नसोत. पण दशरथ, रावण, जटायु आणि सैनिक हे सर्व एकाच आवाजांत बोलतात, आणि तो आवाज आजच्या कचेरींतला आहे. मूळ इंग्रजींतच हा दोष असल्यामुळें भाषांतरकारास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. उलट, पूर्वीं ज्या मुलांनीं मराठी पुस्तक हातीं धरलें नसतें तीं हें वाचतात, ही जमेची बाजू त्या शिक्षकांनीं आपण होऊन मांडली.

मातांचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो प्रत्येक घरानें लक्षांत घ्यावा. 'सायन ऑफ इक्ष्वाकु' ह्यांत मंथरेच्या तरुण मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या होते, आणि गुन्हेगारांपैकीं एक वयानें लहान म्हणून कायद्याच्या देहान्त शिक्षेंतून सुटतो. २०१२ सालच्या दिल्लींतील घटनेची आठवण होऊन वाचकाचें मन विदीर्ण होतें. राम कायद्याला धरून राहतो. कायदा अपुरा असतांना कायदा पाळणारा राजपुत्र बरोबर कीं चूक, ह्यावर घराघरांत वाद झाले आहेत, आणि असे वाद होणें हें ग्रंथाचें यशच म्हणावें लागेल. परंतु रामाचें पुस्तक आहे म्हणून दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं डोळे झांकून देणें, ही चूक कोणीं करूं नये. हें पंधरा-सोळा वर्षांच्या पुढील वाचकांचें पुस्तक आहे, आणि तेव्हांही घरांतील एका वडील माणसानें तें वाचलेलें असावें.

आतां आमच्या यजमानांचा राग. तो त्यांनीं दुसऱ्या दिवशीं औंढ्याच्या वाटेवर बोलून दाखविला. पोथींतील राम वनवासास जातो तो वडिलांचा शब्द खरा करण्यासाठीं. अमीश ह्यांच्या कथेंत रामानें मिथिलेच्या वेढ्याच्या वेळीं परवानगीवांचून एक दैवी अस्त्र सोडलेलें असतें. त्या अपराधाला चौदा वर्षें हद्दपारीची शिक्षा सांगितलेली आहे, आणि राम ती आपण होऊन भोगतो. "एकांत त्याग आहे, दुसऱ्यांत दंड आहे," यजमान म्हणाले. "मी वकील आहें, दंडाची थोरवी मला शिकवूं नका. पण माझ्या मुलाच्या मनांत पहिला राम जर शिक्षा भोगणारा राम म्हणून बसला, तर बापाच्या शब्दासाठीं राज्य सोडणारा राम त्याला मागाहून कधीं उमगणार? मूळ आधीं वाचूं द्या. मग हें खुशाल वाचूं द्या." त्यांच्या पत्नीचें मत ह्याच्या उलट. त्यांनींच तें मराठी भाषांतर विकत आणलें होतें. "मूळ आधीं म्हणतां, पण मूळ घरांत बांधून ठेवलेलें आहे," एवढेंच त्या म्हणाल्या.

वाचनाचा क्रम कोणता असावा ह्यावरून मायलेंकरांत झालेला असाच एक वाद इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत नमूद आहे. सी. एस. लुइस ह्यांची नार्निया देशाची कथामाला १९५० सालीं सुरू झाली. त्या देशाची उत्पत्ति कशी झाली हें सांगणारा भाग मात्र त्यांनीं १९५५ सालीं, सहावा म्हणून, प्रसिद्ध केला. अमेरिकेंतील एका मुलाचें म्हणणें असें कीं, उत्पत्ति आधीं वाचावी. त्याच्या आईचें म्हणणें असें कीं, ज्या क्रमानें पुस्तकें निघालीं त्याच क्रमानें वाचावीं. १९५७ सालीं लुइस ह्यांनीं त्या मुलास पत्र लिहून त्याच्या बाजूनें कौल दिला. पण क्रमाला फारसें महत्त्व नसावें, अशी पुस्तीही जोडली. पुढें १९९४ सालीं प्रकाशकांनीं भागांचे अनुक्रमांकच बदलले आणि उत्पत्तीच्या भागाला पहिला अंक दिला. तेव्हांपासून पुष्कळ वाचकांची हळहळ अशी कीं, कपाटाचें दार उघडून एक अनोळखी देश दिसतो, ही पहिली चकित करणारी घडी नव्या मुलांस लाभत नाहीं. कारण तो देश कोणीं व कसा निर्माण केला हें त्यांस आधींच कळलेलें असतें. कोडें घालण्यापूर्वीं उत्तर सांगून टाकावें, तसें हें होतें.

दुसराही एक वाद परदेशीं गाजला. सुझन कॉलिन्स ह्यांच्या 'हंगर गेम्स' ह्या मालेची पूर्वकथा २०२० सालीं निघाली. तिचा नायक कोण, तर मूळ मालेंतील क्रूर राष्ट्राध्यक्ष, त्याच्या वयाच्या अठराव्या वर्षींचा. दुष्टाचें तारुण्य वाचून त्याच्याबद्दल कळवळा उत्पन्न व्हावा काय, ह्यावरून वाचकांत दोन तट पडले. ह्याच सुमारास, एक वर्ष आधीं, आपल्याकडे अमीश ह्यांचा रावण निघाला होता. पृथ्वीच्या दोन टोकांस दोन ग्रंथकार एकाच प्रश्नापाशीं आले, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. दुष्ट मनुष्य दुष्ट कसा झाला हें समजून घेणें निराळें आणि त्याला क्षमा करणें निराळें; हा भेद तरुण वाचक जाणतात, असा आमचा अनुभव आहे. आमच्या स्नेह्यांच्या मुलानें रावणाचा भाग इंग्रजींत वाचला होता. तो म्हणाला, "मला त्याचें वाईट वाटलें. पण तो मरायलाच पाहिजे होता."

ह्या सर्व परदेशी व स्वदेशी वादांत एक गोष्ट विसरली जाते. पूर्वकथा हा प्रकार आपल्यास नवा नाहीं. वाल्मीकिरामायणांत रावणाचा वध होतो, रामाला राज्याभिषेक होतो, सारें संपतें. आणि त्यानंतर उत्तरकांडांत अगस्त्य ऋषि येऊन रामाला रावणाच्या कुळाची, तपाची आणि वरांची कथा सांगूं लागतात. शत्रु मेल्यावर त्याची जन्मकथा! त्याच कांडांत वेदवतीची कथा आहे. रावणानें केस धरल्यावर जिनें अग्निप्रवेश केला आणि त्याच्या नाशासाठीं सीतारूपानें पुन्हां जन्म घेतला, ती ही वेदवती. अमीश ह्यांनीं हिलाच अगदीं निराळें रूप देऊन आपल्या रावणाच्या मनांत पूज्य मूर्ति म्हणून बसविलें आहे. उत्तरकांड हें मागाहूनचें आहे असें अनेक विद्वानांचें मत आहे. आपल्या भाषेंत तर ह्याला एक हृद्य पुरावा आहे. एकनाथांचें भावार्थरामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आलें आणि नाथ गेले. उरलेलें युद्धकांड व सारें उत्तरकांड गावबा ह्या त्यांच्या शिष्यानें पुरें केलें. म्हणजे मराठींतील ही पूर्वकथा नाथांच्या मागें, शिष्याच्या हातून उतरली.

आणि श्रीधरस्वामींनीं काय केलें? १७०३ सालीं पंढरपुरास पुऱ्या झालेल्या 'रामविजया'त त्यांनीं रावणाच्या जन्माची कथा उचलून आरंभींच्या अध्यायांत आणून ठेविली. वाल्मीकिरामायणाच्या शेवटीं जें होतें, तें श्रीधरांच्या आरंभीं आलें. नार्नियाच्या प्रकाशकांनीं १९९४ सालीं केलें, तेंच आपल्या पंढरपुरच्या कवीनें सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं केलें. आणि गांवोगांवच्या आजींनीं तें गोड मानून घेतलें. तेव्हां क्रम बदलल्यानें कथा बिघडते असें नव्हे. बिघडते ती दुसऱ्याच कशानें तरी.

तें दुसरें काय, हें आम्हांस औंढ्यास गेल्यावर सुचलें. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हा हिंगोली जिल्हा लहान आहे. पण कयाधूकांठचें नरसी हें परंपरेनें नामदेवमहाराजांचें जन्मस्थान ह्याच जिल्ह्यांत, आणि ज्यांच्याकडून नामदेवांस गुरूपदेश मिळाला त्या विसोबा खेचरांची व त्यांची भेट परंपरा औंढ्यास मानते. नामदेवांच्या गाथेंत ज्ञानेश्वरांच्या चरित्राचीं तीन प्रकरणें आहेत: आदि, तीर्थावळी आणि समाधि. त्यांतील 'आदि' म्हणजे दुसरें काय आहे? ती पूर्वकथाच होय. ज्ञानदेव हे ज्ञानदेव होण्यापूर्वींची, त्यांच्या आईबापांची कथा. विठ्ठलपंतांनीं संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेनें ते पुन्हां गृहस्थाश्रमांत आले, आणि आळंदीच्या ब्रह्मवृंदानें त्या कुटुंबाला वाळींत टाकलें. ही हकीकत आपल्या समाजानें वारंवार वाचावी अशी आहे. कारण तींत वाळींत टाकणारे आपणच आहों.

ज्याला ही 'आदि' ठाऊक नाहीं, त्यालाही ज्ञानेश्वरी गोडच लागते. परंतु ती वाचून झाल्यावर ज्ञानेश्वरींतील माधुर्याकडे पाहण्याची दृष्टि बदलते. ज्या मुलाला गांवानें नाकारलें, त्या मुलानें सगळ्या जगासाठीं मागणें मागितलें, हें तेव्हां कळतें. 'आदि' ज्ञानदेवांच्या थोरवीचें कारण सांगत नाहीं. थोरवीला कारणें लावून ती लहान करणें हा तिचा हेतुच नव्हे. त्या थोरवीसाठीं कोणीं काय सोसलें, एवढें ती सांगते. आम्हांस वाटतें, पूर्वकथेची कसोटी हीच. जी पूर्वकथा मूळ कथेंतील गूढ केवळ उलगडून दाखवितें, ती वाचून झाल्यावर हातीं कांहीं उरत नाहीं. जी पूर्वकथा मूळ कथेचें मोल वाढविते, ती एकदां वाचल्यावर मूळ पुन्हां वाचावेंसें वाटतें.

औंढ्याच्या देवळाविषयीं आख्यायिका आहे कीं, नामदेवांस मागें जाऊन कीर्तन करण्यास सांगितलें, तेव्हां देऊळच फिरलें आणि देवाचें तोंड त्यांच्याकडे झालें. नंदी आजही देवळाच्या पाठीमागें दाखवितात. त्या नंदीपाशीं उभे राहून आम्हीं यजमानांस म्हटलें, "मूर्ति तीच, गाभारा तोच, फक्त दार दुसऱ्या बाजूला आलें. तुमचा मुलगा मागच्या बाजूनें आला आहे. त्याच्यापुरतें देऊळ फिरतें कीं नाहीं, तें पाहूं या." ते कांहीं बोलले नाहींत.

ह्या कसोटीनें अमीश ह्यांच्या पूर्वकथेचें मोजमाप कसें होतें? शिवत्रयीचें मोल ती वाढविते, हें आम्ही मान्य करतों. मेलुहाची गोष्ट तिच्यामुळें अधिक खोल होते. रामायणाचें मोल ती वाढविते काय? सीतेच्या बाबतींत होय. रावणाच्या बाबतींत कांहीं अंशीं. वनवासाच्या बाबतींत, आमच्या मतें, नाहीं. तेथें आम्ही यजमानांच्या बाजूचे आहों. शिक्षा म्हणून भोगलेला वनवास न्यायाचा असेल, पण त्यांत भरताचें रडणें आणि दशरथाचें मरण हीं दोन्ही हलकीं होतात. तथापि हें पुस्तक मुलांच्या हातून काढून घेणें हा त्यावरील उपाय नव्हे. आमची सूचना एवढीच कीं, ज्या घरांत मुलगा अथवा मुलगी हीं पुस्तकें वाचते, तेथें कोणीतरी पोथीचें फडकें सोडावें. क्रम कोणता हा प्रश्न दुय्यम आहे. दोन्ही कथा घरांत जागत्या असल्या म्हणजे झालें. मग त्यांचें भांडण मुलांच्या मनांत होऊं द्यावें, आणि त्याचा निकाल मुलांनींच लावावा.

ह्याचा अनुभव आम्हांस त्याच घरांत आला. तिसऱ्या रात्रीं वाचन वनवासाच्या प्रकरणापर्यंत येऊन पोहोंचलें. अस्त्राचा अपराध, चौदा वर्षांची शिक्षा, हें सारें आजींनीं शांतपणें ऐकून घेतलें. प्रकरण संपल्यावर त्या म्हणाल्या, "हें तुझ्या पुस्तकांतलें झालें. आतां खालच्या कप्प्यांतली माझी पोथी काढ."

सूनबाईंनीं पोथी आणून दिली. मुलानें फडकें सोडलें. ओळी सलग छापलेल्या, शब्द जोडून आलेले. पहिल्या ओवीला त्याला बराच वेळ लागला. परंतु आजींस अर्धा अध्याय मुखोद्गत होता. तो एक चरण चांचपडत वाची आणि त्या पुढचा चरण म्हणून दाखवीत. कैकेयीनें वर मागितल्याचा भाग आला तेव्हां यजमान ओटीवरून आंत येऊन दाराशीं उभे राहिले. वाचून झाल्यावर मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजी, पण बापानें चुकीचा शब्द दिला असला, तर तो मुलानें कां पाळायचा? माझ्या पुस्तकांतलें जास्त बरोबर वाटतें."

यजमान पुढें होऊन कांहीं बोलणार होते. आजींनीं हात वर करून त्यांस थांबविलें. "वाटूं दे," त्या म्हणाल्या. "उद्यां भरत येईल. तो काय म्हणतो तें ऐक, आणि मग सांग."

आम्हांस दुसऱ्या दिवशीं निघावयाचें होतें, त्यामुळें भरत आला तेव्हां काय झालें हें आम्हीं पाहिलें नाहीं. परंतु सकाळीं सामान बांधीत असतांना ओटीवरून आजी-नातवाचें बोलणें ऐकूं येत होतें. "श्रीधरस्वामींनीं लिहिलें, पण त्यांच्या आधीं कोणीं सांगितलें?" मुलगा विचारीत होता. आजी म्हणाल्या, "वाल्मीकींनीं." "आणि वाल्मीकींच्या आधीं?" आम्ही निरोप घेऊन पायऱ्या उतरलों, तेव्हां तीं दोघें नारदापर्यंत पोहोंचलीं होतीं.